काय बिघडलंय ते सांगा

मध्य प्रदेशातल्या झाबुआ जिल्ह्यात एका मिशन वसतिगृहात पावसाचं पाणी साठवायची ४०,००० लिटरची जमिनीखालची टाकी आहे. बांधल्यावर जेमतेम एक पावसाळा तिच्यात पाणी टिकलं, मग ती गळायला लागली आणि तशीच पडून राहिली. गेल्या मे महिन्यात आमच्या चर्चच्या तरुण संघानं ती दुरुस्त केली. ते सगळं सविस्तर लिहायचं मनात होतं. अशी सेवा शिबिरं काढणाऱ्या कितीतरी मंडळ्या मला माहीत आहेत. बहुतेक ठिकाणी नवीन काहीतरी बांधून किंवा वाटून परतायची रीत आहे. दुरुस्तीचं काम त्याहून फार वेगळं असतं आणि माझ्या मते जास्त गरजेचं असतं.

आधी आमच्याबद्दल थोडं. इंदूरमधली आम्ही मराठी ख्रिस्ती कुटुंबं. कुणाचे आजोबा अहमदनगरहून, म्हणजे आताच्या अहिल्यानगरहून आलेले, कुणाचे जालन्याहून. कुणी कापड गिरणीत, कुणी रेल्वेत, कुणाची आजी मिशनच्या दवाखान्यात नर्स. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशननं १८७७ मध्ये इंदुरात काम सुरू केलं. त्यांच्या शाळा-दवाखान्यांमुळे या शहरात जी ख्रिस्ती मंडळी उभी राहिली, तिच्यात आमची घरं मिसळून गेली. रविवारची उपासना हिंदीत होते. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी पेटी आणि झांजा काढून मराठी भजनं होतात. तरुण संघात मराठी, हिंदी, मल्याळी सगळी मुलं आहेत. मी संघाची सचिव, पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते.

शिबिराची तयारी आम्ही उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत, सुरू करतो. पाळकसाहेबांनी वसतिगृहाच्या वॉर्डनदीदींना फोन लावला, स्पीकरवर. मी वही घेऊन बसले होते. "काय आणू तुमच्यासाठी?" या प्रश्नाला दीदींचं उत्तर तयार होतं: चादरी, वह्या, पेन, एखादा कॅरम. देणाऱ्यांना काय द्यायला आवडतं हे त्यांना वर्षानुवर्षांच्या अनुभवानं ठाऊक झालेलं. मग पाळकसाहेबांनी विचारलं, "दीदी, तिथं बिघडून काय काय पडलंय?" त्यावर त्या बराच वेळ बोलत राहिल्या. माझी दोन पानं भरली. कुणीतरी दिलेलं आरओ मशीन, त्याचा मेम्ब्रेन गेलेला, विजेचा दाब कमी-जास्त होतो म्हणून पंपही जळलेला, आणि दुरुस्तीला माणूस बोलावायचा तर थेट इंदूरहून. सौरदिव्याची बॅटरी. मुलींच्या न्हाणीघराचं दार. छपराच्या पन्हळी दोन ठिकाणी निखळलेल्या. आणि सगळ्यात शेवटी, जणू ती गोष्ट आता कुणाच्या हातात उरलेली नाही अशा आवाजात, ती टाकी.

टाकी का हवी, हे इंदूरच्या माणसाला सहज कळणार नाही. आम्ही नर्मदेचं पाणी पितो. जलूदहून सत्तरएक किलोमीटर, डोंगर चढवून आणलेलं. झाबुआच्या बऱ्याच गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. जमिनीखालच्या खडकातून ते पाण्यात उतरतं. बोअर जितकी खोल, तितकं ते बहुधा जास्त सापडतं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक लिटरला १ मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. वसतिगृहाच्या बोअरचा सरकारी प्रयोगशाळेतला जुना अहवाल दीदींनी व्हॉट्सअॅपवर पाठवला, त्यात आकडा ३ च्या वर होता.

एवढ्या फ्लोराइडचं पाणी लहानपणापासून पोटात गेलं की पक्के दात येतानाच त्यांच्यावर खडूसारखे पांढरे आणि मग तपकिरी पट्टे येतात. तेच पाणी वर्षानुवर्षं प्यायल्यावर हाडं धरतात, गुडघे वाकडे होतात, पाठ ताठते. दातांवर आलेले पट्टे आपोआप जात नाहीत. हाडांचं दुखणं औषधानं पूर्ववत होत नाही, आहारात कॅल्शियम आणि क जीवनसत्त्व वाढवून त्रास कमी करता येतो एवढंच. आणि हे पाणी उकळून उपयोग नाही. उकळल्यानं जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही. पाणी आटतं म्हणून उलट त्याचं प्रमाण वाढतं. आमच्या संघातल्या बऱ्याच आयांनी मुलांना "तिकडे पाणी उकळूनच प्या" असं बजावलं होतं, म्हणून ही गोष्ट मी बैठकीत दोनदा सांगितली. पावसाच्या पाण्यात फ्लोराइड जवळजवळ नसतंच.

संघात सिव्हिल इंजिनिअरिंग शिकणारा एक मुलगा आहे. त्यानं फळ्यावर हिशेब मांडला. छप्पर २० मीटर लांब, ८ मीटर रुंद, म्हणजे १६० चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. झाबुआत वर्षाला साधारण ८०० मिलिमीटर पाऊस धरला आणि त्यातला पाचवा हिस्सा उडून-सांडून गेला असं मानलं, तरी १,०२,४०० लिटर उरतात. साठ मुलं, पिण्याला आणि स्वयंपाकाला मिळून दर मुलामागे रोज ५ लिटर, म्हणजे दिवसाला ३००. सप्टेंबरअखेर टाकी काठोकाठ भरली तर १३३ दिवस पुरेल. दिवाळी-नाताळच्या सुट्ट्या धरल्या तर थेट फेब्रुवारीअखेरपर्यंत. आंघोळीला, धुण्याला बोअरचं पाणी चालतं. फक्त पोटात जाणारं पाणी बदलायचं होतं.

हिशेब सगळ्यांना पटला, तरी कमिटीच्या बैठकीत ठराव सहज झाला नाही. एका ज्येष्ठ सभासदांची देणगी मोठी होती आणि त्यांना आईच्या स्मरणार्थ नवीन काही उभं करायचं होतं, नामफलकासह. त्यांची भावना खोटी नव्हती. जुन्या टाकीला गिलावा करून त्यावर आईचं नाव लावता येत नाही, हेही खरं. दुरुस्तीचं उद्घाटन होत नाही, फीत कापायला काही नसतं. संघातल्या काही मुलांनाही रंगकाम हवं होतं. भिंतीवर चित्रं काढली की काम दिसतं, फोटो छान येतात.

पाळकसाहेबांनी त्या रविवारी बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकातला तिसरा अध्याय वाचायला घेतला. उपासनेत हा अध्याय क्वचितच कुणी वाचतं, कारण त्यात नुसती यादी आहे. यरुशलेमच्या पडक्या तटाचा कुठला तुकडा कुणी दुरुस्त केला, त्याच्या शेजारचा कुणी, त्याच्या पलीकडचा कुणी. सोनार आहेत, अत्तर करणारे आहेत, आपापल्या घरासमोरचा भाग धरलेले लोक आहेत. शल्लूम नावाचा एक अधिकारी आपल्या मुलींना घेऊन कामाला लागलेला आहे. तकोवाच्या प्रतिष्ठितांनी मात्र कामाला खांदा लावला नाही, हेही तिथं नोंदवून ठेवलंय. पाळकसाहेबांनी अर्थ फार उकलून सांगितला नाही, वाचलं आणि प्रार्थना केली. पुढच्या बैठकीत त्या ज्येष्ठ सभासदांनीच ठराव मांडला: या वर्षी नवीन काही बांधायचं नाही. त्यांच्या देणगीतून सगळं सिमेंट आलं.

बाकीचे पैसे नेहमीच्या वाटांनी जमले. उपवासकाळात मुलांनी बाहेरचं खाणं सोडून वाचवलेले पैसे, घरोघरची रद्दी आणि भंगार विकून आलेले, महिला मंडळानं ईस्टरनंतर चर्चच्या आवारात लावलेल्या उसळ-पोह्यांच्या स्टॉलचे. इंदूरच्या सियागंज बाजारातून आम्ही फक्त हातमोजे, गमबूट, छिन्न्या आणि दोऱ्या घेतल्या. सिमेंट, वाळू, पाइप झाबुआतच घ्यायचं ठरलं. उरलेला माल परत करता येतो, तिथल्या दुकानदाराचा धंदा होतो, आणि पुढे काही लागलं तर दीदींना त्याच दुकानात हक्कानं जाता येतं. या शेवटच्या कारणाला मी सगळ्यात जास्त महत्त्व देते.

नियम लिहून काढले आणि प्रत्येकाच्या पालकांची सही घेतली. वसतिगृहातल्या मुलांसोबत कुणीही एकट्यानं थांबायचं नाही, आमच्यातले दोघं तरी हवेत. मुलांचे फोटो काढायचे नाहीत. काढलेच तर कुठेही टाकायचे नाहीत. पत्रकं, पुस्तिका काहीही बरोबर न्यायचं नाही, गावात कुणाच्या घरी प्रार्थनेचा विषय काढायचा नाही. आमची सकाळची उपासना आमच्या खोलीत, आमच्यापुरती. मध्य प्रदेशात २०२१ चा धर्मस्वातंत्र्य कायदा आहे आणि आमच्या एका अविचारी वाक्याची किंमत आम्ही इंदूरला परतल्यावर तिथल्या दीदींना मोजावी लागली असती. पण माझ्यापुरतं सांगायचं तर कायदा नसता तरी मी हाच नियम केला असता. तहानलेल्याला पाणी देताना त्याच्याकडून काही ऐकून घ्यायची अट घालू नये. बाहेरगावचे लोक मुक्कामाला येणार म्हणून ठाण्यात नावांची यादीही आधीच दिली.

प्रवासाचं विशेष सांगण्यासारखं नाही. पहाटे टेम्पो ट्रॅव्हलर निघाली. बेटमा, घाटाबिल्लोद, पवारांचं धार, राजगढ, मग माछलियाचा घाट. उन्हानं करपलेले डोंगर, मध्येच ताडाची झाडं. दुपारी पोचलो तेव्हा उकाडा बेचाळीस अंशांच्या पुढचा होता. वसतिगृह उन्हाळी सुट्टीमुळे जवळजवळ रिकामं होतं, ज्यांचे आईबाप मजुरीला गुजरातेत गेलेले अशी थोडी मुलं तेवढी थांबलेली. गावही अर्धं रिकामं. पेरणीच्या वेळी, जूनमध्ये, लोक परततात. लग्नांमुळे काही घरांत मात्र माणसं आलेली होती आणि त्यातच आमचे मिस्त्रीदादा सापडले.

ते गावातलेच, भिल्ल समाजाचे. बडोदा-सुरतेकडे मोठमोठ्या इमारतींवर गवंडीकाम करून हात तयार झालेला. भाच्याच्या लग्नाला आलेले. दीदींनी शब्द टाकला म्हणून थांबले, रोजची मजुरी ठरवून. मजुरी आम्ही त्यांना गुजरातेत मिळते तेवढीच दिली, त्यावर घासाघीस केली नाही. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी आम्हाला एक गोष्ट ठणकावून सांगितली: टाकीत आज कुणीही उतरणार नाही.

बंद टाकीत, विहिरीत, गटारात माणसं गुदमरून जातात त्या बातम्या आपण वाचतो. पहिला उतरलेला पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. आत ओल, सडलेला पाला असेल तर प्राणवायू संपलेला असतो, विषारी वायूही साठलेला असू शकतो. वरून बघून काही कळत नाही, वासानंही कळेलच असं नाही. आम्ही दोन्ही झाकणं काढून टाकी रात्रभर आणि दुसरा पूर्ण दिवस उघडी ठेवली. एका तोंडाशी पंखा लावून वारा आत सोडला. नंतर जळता कंदील दोरीनं तळापर्यंत सोडून पाहिला. तो नीट जळत राहिला, तेव्हाच दादा स्वतः उतरले, कमरेला दोर बांधून, आणि दोराचं टोक वर दोघांच्या हातात. त्यानंतर काम संपेपर्यंत नियम तोच राहिला: आत कुणी असेल तर वर दोघं, आणि अर्ध्या तासानं पाळी बदलायची. ज्यांना असलं काम करायचंय त्यांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा, आणि शंका असेल तर उतरूच नये.

आत भेग शोधायला वेळ लागला नाही. तळ आणि भिंत जिथं मिळतात त्या कोपऱ्यात सलग चीर होती आणि तिच्यातून पिंपळाची मुळं आत आलेली. पिंपळ वर भिंतीपलीकडे, हातभर उंच झुडूप होतं, कुणाचं लक्षही जाणार नाही असं. मूळ आधी आलं की भेग आधी पडली, यावर आमच्या इंजिनिअर मुलाची आणि दादांची चर्चा झाली. दादांचं म्हणणं, टाकी उन्हाळाभर ठणठणीत कोरडी राहिल्यानं गिलावा तडकला आणि मुळाला वाट मिळाली. टाकीत वीतभर तरी पाणी बारमाही राहायला हवं होतं. हे बांधणाऱ्यांनी वसतिगृहात कुणाला सांगितलंच नव्हतं. सांगितलं असेल तर आधीच्या वॉर्डनला, आणि त्या बदलून गेल्या होत्या.

पुढचे दिवस नुसते मुळं काढण्यात गेले. मूळ वरून कापून भागत नाही. छिन्नी-हातोड्यानं चीर दोन्ही बाजूंनी तिरकी फोडून रुंद करायची, तोंडाशी रुंद आणि आत निमुळती, आणि मूळ सापडेल तिथपर्यंत मागे जायचं. सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी पाचनंतर अंधार पडेपर्यंत काम चाले. आत ऊन नव्हतं पण घामानं डोळे चुरचुरायचे आणि छिन्नीचा आवाज चारी भिंतींवर आपटून कानठळ्या बसायच्या. मुली मागे राहिल्या नाहीत. आमच्यातली नर्सिंगला असलेली एक जण तर छिन्नी अशी चालवायला लागली की दादा तिला "बेन, सुरतला काम देतो" म्हणाले. दुसरीकडे एक गट पन्हळी बसवत होता, एक न्हाणीघराच्या दाराला नवीन बिजागऱ्या लावत होता.

बाहेरचा चर मात्र आमच्यानं झाला नसता. डोंगराकडून येणारं पावसाचं पाणी टाकीच्या भिंतीशी मुरत होतं. ते वळवायला लांबलचक चर खणायला हवा होता, जमीन मुरमाची, आणि आमच्या हातांना आधीच फोड. दीदी गावच्या तडवींशी, म्हणजे गावाच्या मुखियांशी, बोलल्या. या समाजात हलमा म्हणून रीत आहे: एखाद्याचं काम एकट्यानं होणारं नसेल तर तो हाक घालतो आणि घरटी माणूस येऊन ते करून देतो, मजुरी न घेता. एका पहाटे उजाडायच्या आत माणसं आली. म्हाताऱ्या बाया, पुरुष थोडेच, मोठ्या मुलामुलींची जोडी. कुदळी-फावडी ज्याची त्याची. ऊन तापायच्या आत चर झाला. ज्यांच्या नातवंडांसाठी आम्ही आलो होतो तेच आजी-आजोबा होते ते. आमच्याकडच्या एका मुलानं त्यांना पाण्याच्या बाटल्या वाटायला सुरुवात केली, तर एका आजींनी त्याच्याच हातातली कुदळ घेऊन त्याला सावलीत बसवलं. त्या दिवशी दुपारी तडवींच्या घरून दाल-पानिया आले. मक्याच्या पिठाचे, पळसाच्या पानांत दाबून शेणीवर भाजलेले. सेवा शिबिरात आम्ही देणारे आणि ते घेणारे असं जे चित्र इंदूरहून निघताना डोक्यात असतं, ते त्या सकाळनंतर मला पुन्हा मांडता आलेलं नाही.

भेग भरायचं काम दादांनी स्वतःच्या हातानं केलं. चीर धुऊन ओली ठेवली, सिमेंटचं पाणी फासलं आणि मग एकास तीन सिमेंट-वाळूचा माल, त्यात पाणीरोधक द्रव्य मिसळून, दाबून दाबून भरला. कोपरा काटकोनात न ठेवता गोलाई दिली, म्हणजे तिथं पुन्हा चीर पडायची शक्यता कमी आणि टाकी धुतानाही घाण अडकत नाही. सगळ्या आतल्या बाजूला कोंबडी जाळी ठोकून नवा गिलावा, वर घोटाई. मी बाजारात मिळणाऱ्या वॉटरप्रूफ रंगाबद्दल विचारलं होतं. दादा आणि इंजिनिअर मुलगा दोघंही नाही म्हणाले. पिण्याच्या पाण्याच्या टाकीत आतून, पिण्याच्या पाण्यासाठीच असल्याची खात्री नसलेलं काहीही लावू नये.

आणि मग सगळं शिबिर एका गोष्टीपाशी येऊन अडलं: तराई. नव्या गिलाव्याला किमान सात दिवस ओलं ठेवायला हवं, त्या उन्हात तर दिवसातून कितीतरी वेळा पाणी मारायचं. आमची परतीची गाडी ठरलेली होती, अनेकांच्या रजा संपत होत्या, कुणाची परीक्षा होती. नव्या कामाचा शेवट आपल्या सोयीनं ठरवता येतो, दुरुस्तीचा नाही. तराई न करता निघून गेलो असतो तर पुढच्या उन्हाळ्यात तीच टाकी तिथंच फुटली असती. शेवटी कॉलेजची सुट्टी असलेली दोघं भावंडं थांबली. त्यांच्या आईवडिलांशी पाळकसाहेब बोलले. वसतिगृहातली थांबलेली मुलं त्यांच्या मदतीला होती, वरून पाइप धरून पाणी मारायला. आत उतरायची त्यांना सक्त मनाई. रविवारी आम्ही सगळे तिथल्या लहानशा चर्चमध्ये उपासनेला बसलो, अर्धी हिंदीत, अर्धी भिलीत. आमच्याकडून एक मराठी भजन झालं. दुपारी गाडी निघाली.

तराई संपल्यावर टाकीत टँकरचं पाणी भरून खडूनं भिंतीवर रेघ मारली. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पाणी रेघेवरच होतं. थांबलेल्या भावंडांतल्या भावानं फोटो पाठवला: काळपट भिंत, पांढरी रेघ, तिला टेकलेलं पाणी. आमच्या ग्रुपवर आजवर आलेल्या फोटोंपैकी मला सगळ्यात आवडलेला तोच.

आता पाइपांच्या जोडणीबद्दल. छपरावरचं पहिल्या पावसाचं पाणी टाकीत जाता कामा नये. धूळ, पाखरांची विष्ठा, पाला सगळं त्यात असतं. त्यासाठी टाकीच्या आधी एक उभा जाड पाइप, खाली फिरकीचं झाकण. पहिलं पाणी त्यात भरतं, तो भरला की पुढचं पाणी गाळणीतून टाकीत जातं. गाळणीत थरावर थर: मोठी खडी, बारीक खडी, कोळसा, वाळू. पाऊस उघडला की झाकण फिरवून पाइप रिकामा करायचा. एवढी एकच गोष्ट विसरली की सगळी यंत्रणा घाण होते. म्हणून आम्ही दीदींबरोबर बसून पाळ्या लावल्या. आठवीतले दोन मुलगे आणि दोन मुली, महिन्याला जोडी बदलणार. भिंतीवर हिंदीत मोठ्या अक्षरांत सूचना रंगवली: झाकण कधी उघडायचं, गाळणीची वाळू कधी धुवायची, टाकीत उन्हाळ्यातही वीतभर पाणी राखायचं, पिंपळाचं रोप दिसलं की बोटभर असतानाच उपटायचं. वॉर्डन बदलल्या तरी भिंत बदलत नाही. रंगकामाची हौस असलेल्या मुलांनी ही अक्षरं फार सुरेख काढली.

जुलैत मी फोन केला तर पलीकडून एका मुलीनंच सांगितलं की काल झाकण तिनं उघडलं, पाणी काळं निघालं. दिवाळीच्या सुमारास आम्ही काही जण गंगवाल बसस्टँडवरून बसनं जाऊन आलो, फ्लोराइड तपासायचा संच घेऊन. या संचात पाण्यात रसायनाचे थेंब टाकतात. फ्लोराइड नसेल तर रंग गुलाबी राहतो, जसं जास्त तसा पिवळ्याकडे झुकतो. बोअरचं पाणी पिवळं झालं. टाकीचं गुलाबीच राहिलं. तपासणी मुलांसमोर केली आणि पुढची त्यांच्याच हातून करवली.

टाकी फेब्रुवारीअखेर संपते, हे मात्र आहेच. तिथून पावसाळ्यापर्यंत वसतिगृहाला लांबच्या उघड्या विहिरीचं पाणी आणावं लागतं. ते पाणी आम्ही तपासलं, बोअरपेक्षा पुष्कळ बरं आहे, पण उन्हाळ्यात त्या विहिरीचाही तळ दिसतो. हिशेब पुन्हा मांडला तर छपरावरून १,०२,४०० लिटर येतात, पावसाळ्याच्या महिन्यांत वापर सुमारे ३२,००० लिटरचा, टाकीत राहतात ४०,०००. म्हणजे तीसएक हजार लिटर पाणी दरवर्षी टाकीवरून वाहून नाल्यात जातं. वसतिगृहाच्या आवारातच मागच्या बाजूला मिशनच्या काळातली एक दगडी विहीर आहे, गाळानं भरलेली, तोंडावर करवंदीची जाळी माजलेली. तिच्यातला गाळ काढून टाकीचं जादा पाणी गाळणीतून तिच्यात सोडलं तर तिथलं पाणी वाढेल आणि त्यातलं फ्लोराइडही पातळ होईल, असा अंदाज आहे. किती ते दर महिन्याला तपासूनच कळेल. मिस्त्रीदादांनी होळीला गावी आल्यावर विहिरीचा काठ बघून ठेवायचं कबूल केलंय. गाळ काढायला हलमा घालायचा का, ते तडवी आणि दीदी ठरवतील. आमच्या वाट्याला गाळणी आणि पाइपाचं काम आहे, आणि संघात प्लंबिंग येणारं कुणी नाही. इंदुरातल्या कुणा मराठी माणसाला ते येत असेल आणि मे महिन्यात आठवडाभर मोकळीक असेल, तर ख्रिस्ती असो वा नसो, गाडीत जागा आहे.